जार पडेपर्यंत रेडकाला चीक पाजायचा नाही, ही रीत कितपत बरोबर आहे?

प्रश्न – भोगावतीकाठचा दूध उत्पादक, करवीर तालुका

नमस्कार. आमच्या गोठ्यात ५ म्हशी आहेत. त्यांपैकी २ मुऱ्हा हरियाणातून आणलेल्या आहेत आणि ३ पंढरपुरी घरच्याच पैदाशीच्या आहेत. गेल्या दीड वर्षात आमच्याकडे ६ रेडके जन्मली आणि त्यांतील ३ पंधरा दिवसांच्या आत दगावली. तिन्ही वेळा घडले ते जवळजवळ सारखेच होते. पहिले चार-पाच दिवस रेडकू चांगले हिंडायचे, मग पांढरट पिवळी पातळ हगवण लागायची, शेपटी आणि मागचे पाय बरबटून जायचे, डोळे खोल जायचे आणि सलाईन लावेपर्यंत त्याने मान टाकलेली असायची. शेवटचे रेडकू मादी होते. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून माझ्या मुलीने तिचे नाव चांदणी ठेवले होते.

आमच्या घरात अशी रीत आहे की म्हैस व्याली तरी जार (वार) पडल्याशिवाय तिची धार काढायची नाही आणि रेडकाला कासेला लावायचे नाही. आई सांगते की जार पोटात असताना चीक काढला तर तो वर ओढला जातो, आणि रेडकाने चीक जास्त पिला तर त्याला हगवण लागते. त्यामुळे जार पडल्यावर रेडकाला दोन सडांचा चीक द्यायचा आणि उरलेल्याचा खरवस करून भावकीत वाटायचा, असे आम्ही करत आलो. चांदणीच्या वेळी म्हैस रात्री ११ वाजता व्याली आणि जार सकाळी ९ वाजता पडला, म्हणजे जन्मल्यापासून १० तास तिच्या पोटात काहीही गेले नव्हते. रात्री ती दोनदा धडपडत उठून कासेकडे गेली आणि दोन्ही वेळा मीच तिला ओढून आणून खुंटीला बांधले. ती गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

पुढची म्हैस साधारण तीन आठवड्यांत विणार आहे. पशुवैद्य सांगतात की चीक लगेच पाजा, परंतु आईने चाळीस वर्षे गोठा सांभाळला आहे आणि केवळ डॉक्टर म्हणतात म्हणून ती ऐकणार नाही, तिला कारण पटले पाहिजे. यामागचे संशोधन नेमके काय सांगते, चीक किती आणि कधी पाजावा, आणि तो चांगला आहे हे घरी कसे ओळखावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर – निवृत्त पशुवैद्य, गडहिंग्लज

आपण जे घडले ते जसेच्या तसे लिहिले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. जारासाठी थांबू नये. रेडकू जन्मल्यापासून पहिल्या तासाभरात, आणि फार तर दोन तासांत, त्याच्या पोटात चीक गेलाच पाहिजे.

याचे कारण जारातच दडलेले आहे. गाई-म्हशींच्या जाराची रचना अशी असते की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, त्यातून गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे रेडकू जन्माला येते तेव्हा त्याच्या रक्तात रोगांपासून संरक्षण जवळजवळ नसते. ते सारे संरक्षण आईने विण्याच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत आपल्या कासेत साठवलेले असते आणि तोच चीक होय. आपण त्याला दुधाचा पहिला दाट भाग समजतो, परंतु वासराच्या दृष्टीने ती आईने दिलेली लसच असते.

दुसरी गोष्ट वेळेची आहे आणि आपल्या तिन्ही रेडकांचे नुकसान बहुधा तिथेच झाले. नवजात वासराच्या आतड्याच्या पेशी पहिले काही तास ही मोठी प्रथिने अखंड गिळून रक्तात सोडू शकतात. ही क्षमता जन्मताच सर्वांत जास्त असते, पहिल्या सहा तासांनंतर ती वेगाने उतरत जाते आणि साधारण २४ तासांत तो दरवाजा बंद होतो. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी त्याचे पोषण होईल, आतड्यातल्या जंतूंवर थोडाफार परिणामही होईल, परंतु रक्तात प्रतिपिंडे जाणार नाहीत. शिवाय कासेतला चीकही वाट पाहत बसत नाही. व्याल्यावर दूध उतरू लागते आणि तास जातील तसा चीक पातळ होत जातो. म्हणजे १० तास थांबल्यावर आधीच पातळ झालेला चीक अर्धवट मिटलेल्या दरवाजातून आत ढकलण्याचा प्रयत्न होतो.

हे ज्ञान आजकालचे नाही. पॉल एर्लिख यांनी १८९२ मध्ये उंदरांच्या पिल्लांची आईपासून अदलाबदल करून दाखवून दिले होते की दुधातून पिल्लांना संरक्षण मिळते. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी वासरांचे दोन गट करून एका गटाला चीक दिला आणि दुसऱ्याला दिला नाही. चीक न मिळालेल्या वासरांपैकी बहुतेक वासरे अल्पावधीत मेली. म्हणजे या गोष्टीला शंभर वर्षे उलटून गेली, तरी आपल्या गोठ्यांत रेडके अजून खुंटीला बांधली जातात. नोकरीच्या काळात मी हे किती वेळा पाहिले याची गणतीच नाही आणि प्रत्येक वेळी मला हळहळ वाटली.

प्रमाण वजनाच्या दहाव्या हिश्श्याचे धरावे. आपल्याकडची रेडके साधारण २५ ते ३० किलोची असतात, म्हणून अडीच ते तीन लिटर चीक लागतो. तो एका वेळी न देता पहिल्या दोन तासांत दीड लिटर आणि पुढच्या आठ तासांच्या आत उरलेला द्यावा. रेडकू स्वतः कासेला पीत असले तरी किती पिले हे कळत नाही, म्हणून पहिला पाज मोजून निपलच्या बाटलीने दिलेला चांगला. कास आणि सड आधी कोमट पाण्याने धुवावेत, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्याव्यात आणि भांडे स्वच्छ असावे, कारण घाणेरड्या भांड्यातील जंतू चिकासोबत त्याच उघड्या आतड्यात जातात.

आता आपल्या आईंच्या म्हणण्याविषयी. चिकाने हगवण लागते असे त्यांना वाटते, त्यालाही कारण आहे. चीक थोडा रेचक असतो आणि त्यामुळे पोटातले पहिले काळपट चिकट शेण लवकर पडते. नंतर एक-दोन दिवस पिवळे मऊ शेण येते, पण रेडकू त्या वेळी टवटवीत असते आणि ओढून पिते. मारणारी हगवण वेगळी असते. पहिल्या तीन-चार दिवसांत ती बहुतेक ई. कोलाय जंतूंमुळे लागते, तर पाचव्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोटाव्हायरस आणि कोरोनाव्हायरस हे विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा सूक्ष्म परजीवी यांच्यामुळे लागते. आपली रेडके चार-पाच दिवसांनी आजारी पडत होती, हे या दुसऱ्या गटाशी जुळते.

जाराविषयीची भीती मात्र उलट्या दिशेची आहे. रेडकू लावल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही, हे आईंना माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. रेडकाने सड ओढले की म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक सुटते आणि त्याने कास पान्हावते. हेच संप्रेरक गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावते. म्हणजे रेडकू पिल्याने जार वर जात नाही, उलट तो सुटायला हातभार लागतो. जार साधारण १२ तासांच्या आत पडतो. २४ तास उलटले तर तो अडकला असे समजून पशुवैद्याला बोलवावे, परंतु त्याला हाताने ओढू नये आणि दगड किंवा चप्पल तर कधीही बांधू नये.

उत्तर – ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

चीक चांगला की पातळ, हे घरी कसे ओळखावे असे आपण विचारले आहे. याचे साधन आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक ऊसवाल्यांच्या कपाटात पडलेले असते, म्हणून मुद्दाम लिहितो. उसाची पक्वता पाहायला आपण जे हातातले ब्रिक्स मीटर वापरतो, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर, तेच चिकालाही चालते.

आपण बुडख्याकडचा आणि शेंड्याकडचा रस एकेक थेंब काचेवर टाकतो, झाकण मिटतो आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या सीमारेषेवरचा आकडा वाचतो. रसात विरघळलेले घटक जितके जास्त, तितका प्रकाश जास्त वळतो, एवढेच त्यामागचे तत्त्व आहे. उसात तो आकडा मुख्यतः साखरेचा असतो आणि चिकात मुख्यतः प्रथिनांचा, आणि चिकातल्या प्रथिनांत प्रतिपिंडांचा वाटा मोठा असतो. गाईंवर झालेल्या अभ्यासांतून असे ठरले आहे की चिकाचे वाचन २२ किंवा त्याहून जास्त असेल, तर त्यात लिटरला ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त आयजीजी प्रतिपिंडे असण्याची शक्यता चांगली असते. त्या हिशेबाने तीन लिटर चिकातून वासराला १५० ग्रॅम मिळतात. हा आकडा गाईंचा असल्यामुळे म्हशीसाठी तो काटेकोर कसोटी न मानता आपल्याच गोठ्यातल्या म्हशींची एकमेकींशी आणि पहिल्या धारेची दुसऱ्या धारेशी तुलना करायला वापरावा.

मीटर आधी स्वच्छ पाण्याने शून्यावर आणून घ्यावे, चीक ढवळून मग थेंब घ्यावा, आणि काम झाल्यावर काच लगेच पुसावी. चीक वाळला की काचेला घट्ट चिकटतो आणि घासून काढताना ओरखडे पडतात. माझ्या मीटरचे तसेच झाले आणि त्या हंगामात उसाची वाचनेही धूसर दिसू लागली.

माझ्याकडे दोन संकरित गाई आहेत. एकीचा पहिला चीक २६ आला आणि तिचाच दुसऱ्या वेळचा चीक १५ आला. तेव्हापासून पहिली धार खरवसासाठी कोणी मागितली तर मी नाही म्हणतो.

उत्तर – परिचारिका, प्रसूती विभाग, कोल्हापूर शहर

मी जनावरांच्या क्षेत्रातली नाही, परंतु ही चर्चा वाचून लिहावेसे वाटले. माणसाच्या बाळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, म्हणून पूर्ण दिवसांचे बाळ काही संरक्षण घेऊनच जन्मते. गर्भवतीला दिलेल्या धनुर्वाताच्या लसीचा बाळाला उपयोग होतो, तो याच वाटेने. असे असूनही आम्ही पहिल्या तासात बाळाला छातीशी लावतो, कारण आईच्या चिकातील आयजीए नावाची प्रतिपिंडे बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखी संरक्षण देतात. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले तरी आई शुद्धीवर आणि स्थिर असेल तर आम्ही फार वेळ घालवत नाही. रेडकाला तर वारेतून काहीच मिळत नाही, मग त्याला दहा तास थांबवणे किती जोखमीचे असेल, याचा विचार करून मन अस्वस्थ झाले.

पूर्वी घराघरांत बाळंतिणीचा चीकही पिळून टाकून देत असत आणि बाळाला मध चाटवत असत. ती रीत मोडायला आम्हाला फार बोलावे लागले आणि अजूनही कधी कधी बोलावे लागते.

आपल्या आईंना पटवायचे असेल तर मी एक सुचवते. त्यांना त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाविषयी विचारावे. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळाला पाजायला घेतले की ओटीपोटात कळ येत होती का, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात? बहुतेक बायकांना ते आठवते. ती कळ म्हणजे पाजल्यामुळे गर्भाशय आवळले जाते त्याची असते. डॉक्टरांनी वर जे ऑक्सिटोसिन सांगितले तेच हे आहे, आणि म्हशीच्या पोटातही तेच घडते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी संध्याकाळी आईला सगळे वाचून दाखवले. १८९२ आणि १९२२ चे प्रयोग तिने नुसते ऐकून घेतले. ताईंनी सुचवलेला प्रश्न विचारला तेव्हा मात्र ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “व्हय, तुझ्या वेळेला लई कळ यायची.” त्यानंतर तिने स्वतःहून विचारले की रेडकू अशक्त असेल, उठतच नसेल, तर त्याला चीक कसा पाजायचा. पूर्वी आमच्याकडे बांबूच्या नळ्याने ओतत असत. ते योग्य आहे का? आणि खरवस अजिबातच करायचा नाही का, हाही तिचा प्रश्न आहे.

उत्तर – निवृत्त पशुवैद्य, गडहिंग्लज

आईंनी विचारलेला पहिला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. विताना म्हैस अडली आणि रेडकू बराच वेळ वाटेत राहिले, तर त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि रक्तात आम्लता वाढते. असे रेडकू सुस्त असते, मान धरत नाही, उशिरा उठते आणि त्याची चोखण्याची ओढ मंद असते. म्हणजे ज्याला चिकाची सर्वांत जास्त गरज आहे तेच सर्वांत कमी पिते. स्वच्छ बोट त्याच्या तोंडात घालून पाहावे. जोराने चोखले तर बाटली द्यावी. नुसतेच चघळले किंवा काहीच केले नाही, तर नळ्याने किंवा बाटलीने ओतू नये, कारण गिळता न आल्याने चीक श्वासनलिकेत उतरतो आणि मग न्यूमोनियाने रेडकू जाते. अशा वेळी पशुवैद्याकडून नळी पोटात घालून चीक द्यावा लागतो. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करावा आणि फोन करताना रेडकू किती वाजता जन्मले ते आधी सांगावे.

जन्मताच श्वास घेत नसेल तर नाका-तोंडातला चिकट स्राव पुसावा, नाकपुडीत गवताची काडी फिरवावी, कोरड्या पोत्याने अंग जोरात चोळावे आणि चारी पाय मुडपून छातीवर बसते करावे. मागच्या पायांना धरून उलटे टांगण्याची पद्धत सोडून द्यावी. तेव्हा जे पाणी बाहेर येते ते बहुतांशी पोटातले असते आणि आतड्यांचा भार छातीवर आल्याने श्वास घेणे अधिकच अवघड होते. बेंबीला टिंक्चर आयोडीन लावायला विसरू नये.

खरवस करावा, मी स्वतःही आवडीने खातो. फक्त पहिल्या दिवसाचा चीक रेडकाचा आहे, हे ठरवून टाकावे. वाफेवर खरवस ज्या प्रथिनांमुळे थिजतो त्यांतच ही प्रतिपिंडे असतात, म्हणजे उकडलेला चीक रेडकाला या कामासाठी उपयोगाचा नसतो. म्हशीला चीक भरपूर असेल आणि रेडकाचा वाटा देऊन उरला, तर पहिल्या धारेतला लिटर-दीड लिटर स्वच्छ पिशवीत भरून, तारीख लिहून डीप फ्रीजरमध्ये ठेवावा. तिथे तो वर्षभर टिकतो आणि एखादी म्हैस विताना दगावली किंवा तिला चीकच आला नाही तर उपयोगी पडतो. वितळवताना पिशवी कोमट पाण्यात ठेवावी, पाणी ५० अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि चीक गॅसवर तर मुळीच ठेवू नये.

एवढे करूनही हगवण लागली तर दूध बंद करू नये. दुधाच्या दोन वेळांच्या मध्ये वासरांसाठीचे क्षारांचे पाणी वेगळे पाजावे आणि डोळे खोल जाण्याआधीच दवाखान्यात कळवावे. विषाणूंच्या हगवणीवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही, म्हणून दुकानातून आणून गोळी देऊ नये. म्हशीच्या रेडकांना आईच्या दुधातूनच मोठे गोल जंत होतात, त्यासाठी १० ते १६ दिवसांच्या दरम्यान पशुवैद्याच्या सल्ल्याने पायपराझिनसारखे औषध द्यावे, ही तारीख आताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद, २५ दिवसांनी

म्हैस पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी व्याली. आई कंदील नको म्हणाली, मोबाईलच्या उजेडातच तिने कास धुतली. भावकीतल्या एकाचे ब्रिक्स मीटर आदल्या आठवड्यातच आणून ठेवले होते, त्यात पहिला चीक २४ आला. रेडकाने पाच वाजायच्या आत सव्वा लिटर बाटलीने पिले, त्यानंतर ते स्वतः उठून कासेला लागले आणि आईने त्याला हटकले नाही. जार साडेआठ वाजता पडला. दुपारी आणखी दीड लिटर दिला. तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा खरवस नीट थिजला नाही, तरी आईने तो शेजारी वाटला.

आज रेडकू १३ दिवसांचे आहे, शेण घट्टसर आहे आणि जंताचे औषध काल दिले. बाटलीच्या निपलचे भोक मोठे झाल्यामुळे पिताना त्याला दोनदा ठसका लागला. निपल किती दिवसांनी बदलावे, एवढे कृपया सांगावे.